शेजारच्या सीटवरून

डोळ्यांच्या डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी घातली, तेव्हा उस्ताद आधी हसलेच. "डॉक्टर, मालट्रक घेऊन अर्धा देश पालथा घातलाय मी," ते म्हणाले. "आज तुमच्या दवाखान्यापर्यंतसुद्धा मीच चालवत आलोय."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग मला मिशा आहेत की नाहीत, तेवढं सांगा."

उस्तादांनी मान जराशी वळवली, परत सरळ केली. घरी येताना चाक बाहेर थांबलेल्या बायकोच्या, वहिनींच्या, हातात होतं.

ट्रकच्या अड्ड्यावर त्यांना सगळे उस्ताद म्हणत, कारण तिथल्या निम्म्या ड्रायव्हरांना त्यांनीच तयार केलं होतं. आणि उस्तादांची बायको म्हणून त्या सगळ्यांच्या वहिनी. पुढे गल्लीतले लोकही त्यांना वहिनीच म्हणू लागले. उस्तादांना आता कडेचं दिसे, पायाखालचं अंधुक दिसे, पण नेमकं जिथे बघावं तिथलंच पुसलं गेलेलं असे. बायकोचे कान दिसत, चेहरा दिसत नसे. हे त्यांनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

वहिनींचा धंदा गाड्यांच्या सीटा शिवण्याचा. घराच्या पुढच्या खोलीत दोन मशीनं होती. एक साधं, आणि दुसरं जाड कापडाचं, ओतीव लोखंडाचं, दोघांनी मिळूनही जेमतेम उचललं जाईल असं. ते मोठं मशीन लेकीला द्यायचं ठरलं होतं. लेक आणि जावई उजाड पठाराच्या पलीकडे, खाणीच्या गावात राहत. तिथे लेकीने एक खोली घेतली होती आणि ताडपत्र्या शिवायचं काम धरलं होतं. उस्ताद निवृत्त झाले की दोघांनी आपल्या जुन्या व्हॅनमधून मशीन पोचवायचं, वाटेत जिथे मन होईल तिथे थांबायचं, असा बेत कधीचा शिजत होता. आता तो बेत चुलीवरच करपणार असं दिसत होतं.

उस्ताद म्हणाले, "मालवाहतुकीने पाठवून देऊ."

"आणि त्यांनी आपटलं तर?" वहिनींनी विचारलं. मग शिलाईचा दोरा दाताने तोडत त्या म्हणाल्या, "मी चालवते की."

"तू?"

"मग काय. सीटा पोचवायला रोज गाडी कोण नेतं?"

"अगं, ते गावातल्या गावात. इथे पठार आहे, वाळू आहे, मैलोन्‌मैल माणूस दिसत नाही."

"तुम्ही शिकवा. निम्मा अड्डा शिकवलात, एक बायको जड होणार आहे का?"

लेकीने फोनवर हेच तीनतीनदा विचारलं. शेजारच्या शिंपीणबाई म्हणाल्या, या वयात हात दाखवून अवलक्षण कशाला. जावई समजुतीच्या सुरात म्हणाले, मामी, बसने या, मशीनचं मी बघतो. लोकांच्या तोंडाला हात लावता येत नाही, हे वहिनींना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि व्हॅनच्या सीटांना नवी कव्हरं शिवायला घेतली.

मग उस्तादांनी शिकवणी सुरू केली. बरेच दिवस कोपऱ्यात बसून राहिलेला माणूस एकदम कामाला लागला. पहिला धडा सामान भरण्याचा. वहिनींनी मशीन मागच्या दाराशी ठेवायचं म्हटलं, उतरवायला सोपं. उस्तादांनी मान हलवली. "जड ते खाली आणि मधोमध. मागच्या चाकांच्या पुढेच राहिलं पाहिजे. शेपटीला वजन टांगलंस तर गाडीचं तोंड हलकं होतं, मग चाक तुझं ऐकत नाही. आणि बांध असं, की गाडी उलटी केली तरी हलणार नाही."

बांधण्याच्या बाबतीत वहिनींना शिकवायची गरज नव्हती. त्यांनी कॅन्व्हासचे पट्टे दुहेरी शिवून मशीन असं आवळलं, की उस्तादांनी हाताने चाचपून पाहिलं आणि काही बोलले नाहीत. त्यांच्याकडून ही शाबासकीच.

दुसरा धडा गल्लीत झाला. चाक बदलायचं. आधी बाकीच्या चाकांना दगड लाव, मग नट सैल कर, मग जॅक. वहिनींनी जॅक आधी लावला आणि मग नट फिरवायला गेल्या, तर चाकच गरागरा फिरायला लागलं. बघ्यांमध्ये हशा पिकला. न्हाव्याने दुकानातून बाहेर येऊन, अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाईकासकट, सल्ला दिला. उस्ताद म्हणाले, "हसू दे. एकदा चुकलीस ना, आता जन्मात विसरणार नाहीस." दुसऱ्या खेपेला वहिनींनी पान्ह्यावर उभं राहून नट सोडवले. न्हावी आत गेला.

बाकीचं ते येता-जाता सांगत. टायरची हवा सकाळी, टायर थंड असताना बघायची. टाकी निम्मी झाली की भरायची, पुढे पंप आहे असं कुणीही सांगितलं तरी. तहान लागायच्या आधी पाणी प्यायचं, झोप यायच्या आधी थांबायचं. अंधार पडायच्या आत मुक्काम. आणि निघताना लेकीला सांगायचं कुठल्या रस्त्याने येतोय, मुक्कामाला पोचल्यावर कुठून फोन करणार, म्हणजे फोन आला नाही तर शोधायचं कुठे हे तिला कळेल. वहिनी ऐकत राहिल्या. खरं तर त्यांना गंमत वाटत होती. इतक्या वर्षांच्या संसारात नवरा एवढं बोलला नव्हता. ट्रकवरून यायचा, जेवायचा, झोपायचा आणि जायचा.

गंमत गाव सुटेपर्यंत टिकली.

मोठ्या रस्त्याला लागल्याबरोबर उस्तादांचा पाय गाडीच्या फरशीवर ब्रेक दाबू लागला. "गिअर," ते म्हणत. थोड्या वेळाने परत, "गिअर. इंजिन रडतंय, ऐकू येत नाही का?" मागून ट्रक आला की त्याच्या आवाजावरून सांगत, भरलेला आहे, जाऊ दे त्याला. हे बरोबरही असे. पण वहिनी गिअर बदलायला हात नेत, तेवढ्यात ते म्हणत "गिअर", आणि आपण त्यांच्या सांगण्यावरून बदलला असं होऊन बसे. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते वहिनींना त्या दिवशी कळलं. संध्याकाळी मुक्कामाला पोचल्या तेव्हा त्यांचे खांदे दगड झाले होते आणि ओठ घट्ट मिटलेले होते.

दुसऱ्या दिवशी ऊन चढलं तशी वस्ती विरळ झाली. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना पिवळं गवत, लांबवर टेकड्या. वहिनींचा हात आता बसला होता. मागून एक टँकर बराच वेळ चिकटून येत होता. तेवढ्यात उस्ताद ओरडले, "दाब, दाब, समोर गुरं."

वहिनींनी ब्रेक दाबला. टायर किंचाळले, टँकरचा भोंगा कानात घुसला, आणि तो त्यांच्या अगदी कडेने, कव्हराला टाका घालावा इतक्या जवळून, निघून गेला. समोर गुरं नव्हती. रस्त्यावर ढगाची सावली होती.

वहिनींनी व्हॅन कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि खाली उतरल्या. गाडीला टेकून त्या उभ्या राहिल्या. मग वळसा घालून उस्तादांच्या खिडकीशी आल्या.

"काय होतं ते?" उस्तादांनी विचारलं.

"सावली."

उस्तादांनी खिडकीतून मान बाहेर काढली.

"मेलो असतो आपण," वहिनी म्हणाल्या. आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती, तो चढलाही नाही. "एक तर तुम्ही चालवा, नाहीतर मला चालवू द्या. दोघांना एक चाक पुरणार नाही."

त्यानंतर दिवसभर उस्तादांच्या तोंडाला कुलूप. पायही त्यांनी सीटखाली ओढून घेतले. वहिनींना वाटलं होतं सुटले. पण ती शांतता बोलण्यापेक्षा वाईट होती. शेजारी कुणी माणूस नाही, एखादं गाठोडं ठेवलंय असं त्यांना वाटू लागलं. एकदा गिअर उशिरा पडला, इंजिन खरंच रडलं, तरी गाठोडं हललं नाही.

मुक्कामाची खोली पेट्रोलपंपामागे होती. दोन पलंग, भिंतीत गळका नळ. वहिनी तोंड धुऊन आल्या तेव्हा उस्ताद पलंगाच्या कडेवर बसून बुटाची लेस सोडवत होते. बोटांनी गाठ शोधावी लागत होती.

"मला तुझा चेहरा दिसत नाही," ते म्हणाले.

वहिनींना वाटलं, खोलीत उजेड कमी आहे. त्या दिव्याकडे वळल्या.

"दिव्याने काही होणार नाही. आठवतो तो. दिसत नाही." त्यांनी लेस सोडून दिली. "गाडीत मी बोलत राहतो ना, ते तुला येत नाही म्हणून नाही. तुला येतं. पण बोलणं थांबवलं, की मी गाडीत नाहीच असं वाटतं मला. आज दिवसभर नव्हतोच."

वहिनी खाली बसल्या आणि त्यांच्या बुटाची गाठ सोडवू लागल्या. रागही पुरता गेला नव्हता. टँकरचा भोंगा अजून कानात होता. "कधीपासून?" एवढंच त्यांनी विचारलं.

"दवाखान्याच्या आधीपासून."

"आणि मला आत्ता सांगताय."

"घाबरलो होतो," उस्ताद म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून वहिनींनी पहिल्यांदा ऐकला.

सकाळी टायर चाचपून निघाले. काही अंतर गेल्यावर वहिनींनीच तोंड उघडलं. "चढ आहे. वर एक पांढरी टाकी दिसतेय. मागे कुणी नाही." त्यांना स्वतःचंच जरा हसू आलं; रेडिओवर बातम्या द्याव्यात तसं चाललं होतं. उस्ताद ताठ बसले. "चढ लांब आहे का आखूड?" त्यांनी विचारलं.

"लांब. वर जाऊन वळतो."

"मग आधीच खालच्या गिअरमध्ये घे, म्हणजे मध्येच धाप लागणार नाही."

त्यांनी घेतला. व्हॅन न कुरकुरता वर गेली. मग वहिनी सांगत राहिल्या आणि उस्ताद विचारत राहिले. ते बहुतेक वेळा विचारतच, सांगत क्वचित.

दुपारनंतर नदी आली. पूल दुरुस्तीला काढलेला, आणि वाहनांना वाट नदीच्या पात्रातून. पात्र एरवी कोरडं असावं, पण वर कुठेतरी पाऊस झाला होता आणि मधोमध पाणी वाहत होतं. अलीकडे एक मिनीबस थांबलेली. तिचा ड्रायव्हर बोनेटला टेकून पलीकडे बघत होता. "वहिनी, जाईल आरामात," तो म्हणाला. ड्रायव्हर मंडळींना कुणाला वहिनी म्हणावं हे न सांगता कळतं की काय कोण जाणे. "आत्ताच एक पाववाला गेला."

वहिनी गाडीत परत आल्या. "काय करायचं?"

"काय दिसतंय ते सांग," उस्ताद म्हणाले.

"पाणी चहाच्या रंगाचं आहे. तळ दिसत नाही. कडेला सपाट आहे, मध्ये..." त्यांनी शब्द शोधला. "मध्ये चुण्या पडल्यात. दोरा जास्त ओढला की कापडाला पडतात तशा."

"म्हणजे खाली दगड आहेत, नाहीतर खड्डा. काही वाहून येतंय का?"

"काटक्या. फेस."

उस्ताद विचारात पडले. "कडेला, पाणी टेकतंय तिथे, एक दगड ठेव आणि बघत बस. दगड उघडा पडला तर पाणी उतरतंय. बुडला तर चढतंय."

वहिनी दगड ठेवून आल्या आणि कडेला उकिडव्या बसल्या. दोघांनी उकडलेली अंडी आणि पाव खाल्ला. खाणं संपेपर्यंत दगड निम्मा बुडाला होता. मिनीबसच्या ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं, खिडकीतून हात हलवला आणि पाण्यात शिरला. मध्यभागी बस थोडी तिरकी झाली, मग सावरली आणि पलीकडच्या चढावर पाणी गाळत निघून गेली.

"गेला?" उस्तादांनी विचारलं.

"गेला."

"आम्ही ट्रकवालेपण गेलो असतो," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "ट्रक उंच असतो. जाऊया का? तू म्हणशील तसं."

वहिनींनी पाण्याकडे पाहिलं. मागे पट्ट्यांनी आवळलेलं मशीन होतं, पुढे चुण्या पडलेलं पाणी होतं आणि दगड आता दिसत नव्हता. "नाही जायचं," त्या म्हणाल्या. "उलटं फिरायचं. मागच्या वस्तीत कुठेतरी राहू."

वळवताना त्यांना आपण भित्र्या ठरलो असं वाटत होतं. बस तर सुखरूप गेली होती. बराच रस्ता मागे गेल्यावर उस्ताद म्हणाले, "तो गेला म्हणून तू चुकलीस असं होत नाही. मी दहा वेळा असं पाणी पार केलं. शहाणपणाने किती आणि नशिबाने किती, ते मला आजही सांगता येणार नाही."

त्या वस्तीत लाकडाच्या वखारवाल्याने आपल्या कार्यालयाची खोली उघडून दिली. त्याच्या बायकोने गरम पाणी दिलं आणि वहिनींनी तिच्या फाटलेल्या खुर्चीला चार टाके घालून दिले. लेकीला फोन केला. ती म्हणाली, बरं झालं थांबलात, आणि मग म्हणाली, "आई, हे तू ठरवलंस की बाबांनी?"

"मी," वहिनी म्हणाल्या.

सकाळी नदीवर परत आले तेव्हा पाणी घोट्यापर्यंत उतरलं होतं आणि तळाचे दगड मोजता येतील इतके स्वच्छ दिसत होते. वहिनी आधी चालत पलीकडे गेल्या, चालत परत आल्या. पावलांना खड्डा कुठे आहे ते कळलं. नेमका चुण्यांच्या जागी, गुडघाभर. तो टाळून, पहिल्या गिअरमध्ये, मध्ये कुठेही गिअर न बदलता त्यांनी व्हॅन पार केली. "आता चालता चालता ब्रेक हलके दाबत राहा, ओले झालेत," उस्ताद म्हणाले.

त्या ब्रेककडे लक्ष देत होत्या, आणि पलीकडच्या काठावरची वाळू त्यांना दिसलीच नाही. व्हॅन हळूहळू बसत गेली आणि थांबली. वहिनींनी अ‍ॅक्सिलरेटर दाबला. मागची चाकं गुरगुरली आणि आणखी खाली गेली.

"सोड पाय," उस्ताद शांतपणे म्हणाले. "जितकं दाबशील तितकं स्वतःचं थडगं खणशील. उतर."

दोघं उतरले. उस्तादांनी मागच्या चाकाशी बसून हात फिरवला. वाळू जवळजवळ मधल्या टोपीपर्यंत. "चारी टायरची हवा सोड. बारीक काडीने वॉल्व्हचं तोंड दाब. टायर खाली पसरट दिसायला लागला की थांब. पसरट पाय वाळूत कमी रुततो."

वहिनी हवा सोडत असताना त्यांना मागून घासल्यासारखा आवाज आला. उस्ताद गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी चाकापुढची वाळू उपसत होते. सदरा घामाने पाठीला चिकटला होता.

"अहो, राहू दे. मी करते."

"का? खणायला डोळे लागत नाहीत."

वहिनींनी त्यांना राहू दिलं. उरलेल्या कॅन्व्हासची गुंडाळी काढून त्यांनी कात्रीने दोन लांब पट्ट्या कापल्या. चांगलं नवं कापड होतं. कापताना जिवावर आलं. पट्ट्या चाकांखाली सारल्या. मग चाकामागे बसून, पाय अगदी हलका ठेवून, क्लच सोडला. व्हॅन थरथरली, कापडावर चढली आणि घट्ट जमिनीवर येईपर्यंत त्यांनी ती थांबवली नाही. आरशात पाहिलं तर उस्ताद मागे वाळूत उभे होते, हातात दोन फाटक्या पट्ट्या, तोंड भलत्याच दिशेला, आणि हसत होते.

"इकडे," वहिनींनी खिडकीतून हाक मारली. ते आवाजाच्या दिशेने चालत आले. पायपंपाने हवा भरताना दोघं आळीपाळीने धापा टाकत होते.

खाणीच्या गावात पोचले तेव्हा लेक रस्त्यावर येऊन उभी होती. जावयांनी दोन माणसं बोलावून ठेवली होती, तरी मशीन उतरवताना सगळ्यांच्या नाकी नऊ आले. त्यावर ओरखडासुद्धा नव्हता. लेक आधी मशीनला मिठी मारते की आईला, असा प्रश्न पडला असं जावई म्हणाले. उस्ताद मात्र घरात शिरताना उंबऱ्याला अडखळले. हात पुढे करून भिंत शोधली. लेकीचं हसू मावळलं. स्वयंपाकघरात ती आईला म्हणाली, "एवढं झालंय? आणि अशात तुम्ही दोघं एकटे आलात?"

"दोघं एकटे कसे असतील," वहिनी म्हणाल्या आणि चहाचं पाणी ठेवलं. पण लेक रडायला लागली तेव्हा त्याही रडल्या. तेवढे दिवस सवडच झाली नव्हती.

परतीला व्हॅन जावई पोचवतील, तुम्ही बसने जा, असा आग्रह झाला. उस्तादांनी तोंड वहिनींकडे वळवलं. उत्तर वहिनींनी द्यायचं होतं. त्यांनी टायर थंड असताना हवा बघितली आणि नाही म्हणून सांगितलं.

मशीन उतरल्यामुळे व्हॅन हलकी धावत होती. नदीला पाणी नव्हतं. पठारावर वारा पडला होता. वहिनी सांगत होत्या, डावीकडे मेंढ्या, पुढे उतार, एक ट्रक येतोय, रिकामा असावा. उत्तर आलं नाही. त्यांनी बाजूला पाहिलं. उस्तादांची मान खिडकीकडे कलली होती, तोंड किंचित उघडं होतं. दुसऱ्याच्या हातात चाक असताना त्यांना झोप लागलेली वहिनींनी आजवर कधी पाहिली नव्हती.

पुढे रस्त्याला फाटा फुटत होता. कुठला धरायचा ते विचारायला हवं होतं. वहिनींनी विचारलं नाही, अंदाजाने एक धरला आणि गाडीला धक्का बसू नये म्हणून वेग कमी ठेवला. अंदाज चुकला. रस्ता एका दगडाच्या खाणीत जाऊन संपला, तेव्हा कुठे उस्ताद जागे झाले.

"कुठे आलो?"

"चुकलो," वहिनी म्हणाल्या. "फाट्यावर तुम्हाला उठवलं नाही."

उस्तादांनी डोळे चोळले. "टाकी किती आहे?"

"निम्मीपेक्षा जास्त."

"मग काही बिघडलं नाही," ते म्हणाले, आणि पाण्याची बाटली शोधून आधी वहिनींच्या हातात दिली.